ऐकणे आणि ऐकले जाणे

आपल्या देशातील शेतकऱ्याच्या दैन्याची कारणमीमांसा करताना ‘अज्ञान’ हा शब्द फार पूर्वीपासून वापरला जात आहे. शेतकरी अडाणी आहे, त्याला सुधारित बियाणे ठाऊक नाही, बाजारभाव ठाऊक नाही, हवामानाचा अंदाज ठाऊक नाही, म्हणून तो मागे राहिला, असे निदान एकदा झाले की त्यावरचा उपचारही ओघानेच ठरतो : त्याच्यापर्यंत माहिती पोहोचवा. गेली सत्तर वर्षे हा उपचार मोठ्या निष्ठेने चालू आहे. प्रथम गावच्या चावडीवर रेडिओ आला. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्ली दूरदर्शनवर ‘कृषिदर्शन’ सुरू झाले. पुढे मुंबई दूरदर्शनच्या ‘आमची माती, आमची माणसं’ने मराठी घराघरांत स्थान मिळवले. जानेवारी २००४ मध्ये केंद्र सरकारने ‘किसान कॉल सेंटर’ उघडले आणि शेतकऱ्याला आपल्या भाषेत, विनामूल्य दूरध्वनी करून सल्ला विचारता येऊ लागला. आता तर सदऱ्याच्या खिशातच मोबाईल आहे. लासलगावचा कांद्याचा भाव बांधावर उभे राहून कळतो.

हे सारे चांगलेच झाले. ज्याने आपल्या आजोबांना आडत्याच्या रुमालाखालच्या बोटांवर विश्वास ठेवून माल देताना पाहिले आहे, तो या बदलाचे मोल कमी लेखणार नाही. तरीही या ठिकाणी एक नैतिक प्रश्न उभा राहतो आणि तो बाजूला सारता येत नाही. माहिती मिळणे आणि न्याय मिळणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? ज्या माणसाला आपण अखंड काही ना काही सांगत असतो, त्याचे म्हणणे मात्र कधीच ऐकून घेत नाही, त्या माणसाशी आपले नाते नेमके कोणते?

‘गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता’ अशी एक म्हण आपण सहज वापरतो. तिच्यात सारा दोष ऐकणाऱ्याच्या माथी आहे. वाचणाऱ्याने समोरच्याची भूक, तहान, पाठीवरचे ओझे कधी विचारले होते काय, हा प्रश्न त्या म्हणीत येत नाही. शेतकऱ्याच्या प्रबोधनाची पुष्कळशी भाषा नकळत याच म्हणीच्या वळणाने गेली आहे.

एक उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २०१८ मध्ये नाशिक जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने ७५० किलो कांदा बाजारात नेला. प्रथम किलोला एक रुपया भाव सांगण्यात आला. घासाघीस होऊन तो सुमारे एक रुपया चाळीस पैशांवर आला. चार महिन्यांच्या कष्टाचे हाती पडले १,०६४ रुपये. त्याने ती रक्कम तशीच, मनीऑर्डरचा खर्च पदरचा घालून, देशाच्या पंतप्रधानांना पाठवून दिली. ही हकिकत त्या वेळी वर्तमानपत्रांतून देशभर गेली. परंतु तिच्यातील एका तपशिलाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. हा शेतकरी दूरध्वनीवरून मिळणाऱ्या शेतीसल्ल्याचा नियमित उपयोग करणारा होता. हवामानाचा अंदाज ऐकून त्याने आपले उत्पादन वाढवले होते. आकाशवाणीवर त्याला आपले प्रयोग सांगण्यासाठी बोलावले जात असे. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा मुंबईस आले, तेव्हा सेंट झेवियर्स कॉलेजात भरलेल्या कृषिप्रदर्शनात ज्या निवडक शेतकऱ्यांना त्यांच्यापुढे उभे करण्यात आले, त्यांत हा होता.

म्हणजे ज्याला आपण माहितीसंपन्न शेतकरी म्हणतो, त्याचे हे प्रतीकच होते. ज्ञान त्याच्यापाशी होते, यंत्र त्याच्यापाशी होते, कष्टांची तयारी होती. आठ वर्षांनंतर त्याच माणसावर टपाल कचेरीच्या खिडकीपाशी उभे राहून मनीऑर्डरचा फॉर्म भरण्याची पाळी आली. आधुनिक यंत्राने त्याला पुष्कळ काही सांगितले होते. त्याला स्वतःला काही सांगायचे होते तेव्हा मात्र त्याला सर्वांत जुन्या साधनाचा आश्रय घ्यावा लागला. आणि तीही रक्कम स्वीकारली न जाता परत आली.

लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेला विधवेचा आणि न्यायाधीशाचा दाखला आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या दाखल्यावरील प्रवचनांत आपण प्रार्थनेच्या चिकाटीबद्दल ऐकतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या मांडणीकडे पाहा. त्या विधवेपाशी माहितीची उणीव नाही. आपला हक्क कोणता, तो कुणी हिरावला, दाद कुठे मागायची, हे सारे तिला पक्के ठाऊक आहे. उणीव आहे ती दुसऱ्या बाजूला. न्यायासनावर बसलेल्याच्या कानांत. त्या विधवेला कायद्याचे शिक्षण देण्याची योजना कुणी आखली असती, तर ती निरुपद्रवी ठरली असती, कदाचित उपयुक्तही. पण तिच्या दुःखाचे मूळ जिथे होते तिथे ती पोहोचलीच नसती.

शेतकऱ्यांसाठी संपर्काची यंत्रे वापरण्याचा जो इतिहास आहे, त्यात आपल्या ख्रिस्तसभेचाही एक मोठा अध्याय आहे. महाराष्ट्रात तो फारसा ठाऊक नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात, अँडीज पर्वताच्या कुशीत, बोयाका प्रांतात सुतातेन्सा नावाचे एक खेडे आहे. १९४७ साली तेथे होसे होआकिन साल्सेदो नावाचे तरुण धर्मगुरू साहाय्यक म्हणून आले. धर्मग्राम डोंगरदऱ्यांत विखुरलेला, बहुसंख्य शेतकरी निरक्षर, शाळा दूर. फादर साल्सेदोंना रेडिओयंत्राचा नाद होता. त्यांनी एक छोटा प्रक्षेपक उभारला आणि दूरदूरच्या झोपड्यांतून रेडिओ ठेवून शेतकऱ्यांना लिहायला-वाचायला शिकवण्यास प्रारंभ केला. त्यातून ‘रेडिओ सुतातेन्सा’ नावाचे केंद्र आणि ‘रेडिओशाळां’चे मोठे जाळे उभे राहिले. संध्याकाळी शेजारपाजारची कुटुंबे एका घरी जमत. त्यांच्यातीलच एखादा थोडेफार शिकलेला तरुण किंवा तरुणी रेडिओवरील शिक्षकाच्या सांगण्याप्रमाणे फळ्यावर अक्षरे काढून दाखवी. अक्षरओळखीबरोबरच आरोग्य, अंकगणित, जमिनीची निगा, श्रद्धा यांचेही पाठ असत. १९५८ पासून ‘एल काम्पेसिनो’, म्हणजे ‘शेतकरी’, या नावाचे साप्ताहिकही निघू लागले. चार दशकांहून अधिक काळ हे कार्य चालले. १९८९ साली ते केंद्र एका व्यापारी रेडिओसंस्थेकडे गेले आणि तो अध्याय संपला.

एका धर्मगुरूच्या हातून एवढे कार्य व्हावे, याचा आम्हां धर्मगुरूंना अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच त्यातील एका गोष्टीचा विचार आम्हीच अधिक प्रामाणिकपणे केला पाहिजे. त्या रेडिओशाळांना जे रेडिओ पुरवले जात, त्यांतले पुष्कळसे केवळ सुतातेन्साचेच केंद्र ऐकू येईल अशा रीतीने बांधलेले होते. कान फिरवायला खुंटीच नव्हती. यामागे हेतू वाईट नव्हता : यंत्र स्वस्त व्हावे आणि गरिबाने अभ्यासाचा वेळ करमणुकीत घालवू नये. परंतु ज्याच्या रेडिओला एकच केंद्र लागते, त्याच्या वतीने कुणीतरी आधीच ठरवलेले असते की, त्याने काय ऐकणे हिताचे आहे. पालकाने मुलासाठी हे ठरवावे, हे समजू शकते. पण चाळीस वर्षांचा, चार लेकरांचा बाप, जो पाऊस-पाणी-माती यांच्याशी रोज झुंजतो, तो मूल आहे काय? त्या चळवळीवर आणखीही एक आक्षेप घेतला गेला. दारिद्र्याचे मूळ शेतकऱ्याच्या मनातील अज्ञानात आहे असे तिने मानले आणि मोजक्या घराण्यांच्या हाती एकवटलेल्या जमिनीकडे पुरेसे पाहिले नाही, असे टीकाकार म्हणत.

या आक्षेपांना सुतातेन्साच्याच इतिहासात एक उत्तरही सापडते. नव्याने अक्षर शिकलेले शेतकरी त्या केंद्राला पत्रे लिहू लागले. वर्षानुवर्षे लक्षावधी पत्रे आली आणि त्यांना उत्तरे देण्याची व्यवस्था संस्थेने केली. ज्या माणसाला आपले नावही लिहिता येत नव्हते, तो आता दूरच्या शहरातील संपादकाला आपले पीक, आपले आजारपण, आपली शंका कळवू लागला. मला वाटते, त्या रेडिओचे खरे यश प्रक्षेपकाच्या शक्तीपेक्षा त्या पत्रांच्या पिशव्यांनी मोजावे. ज्या दिवशी पहिले पत्र उलट दिशेने आले, त्या दिवशी शिकवणुकीचे संवादात रूपांतर झाले.

उलट दिशेने जाणाऱ्या शब्दाचे महत्त्व ज्यांनी आरंभापासूनच ओळखले, असे एक उदाहरण तर आपल्या मराठी मुलुखातले आहे. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओमंडळे चालत. ‘वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे त्यांचे ब्रीद होते. शेजारी एका घरी जमून कार्यक्रम ऐकत, त्यावर बोलत, आणि आपले मत लिहून कळवत. ती मते पुढच्या कार्यक्रमात सांगितली जात. याच धर्तीवर १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला. तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांत ‘रेडिओ शेतकरी मंडळे’ स्थापन झाली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम प्रसारित झाले. प्रत्येक मंडळात गावातील वीसेक माणसे बसत, अर्धा तास ऐकत, मग चर्चा करत, आणि मंडळाचा निमंत्रक त्या चर्चेचा वृत्तांत व शंका पुण्याला पाठवी. पुढच्या कार्यक्रमांत त्या शंकांची उत्तरे दिली जात.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी तिचे नेतृत्व केले. मंडळे असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओ नसलेली गावे यांची तुलना करण्यात आली. मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात लक्षणीय भर पडलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती. यंत्र दोन्हीकडे तेच, आवाज तोच, माहिती तीच. फरक एवढाच की, एकीकडे माणसे एकत्र बसून तोलत होती, प्रश्न विचारत होती, आणि आपल्या प्रश्नाला उत्तर येणार आहे हे त्यांना ठाऊक होते. ज्याला बोलायला मिळणार आहे, तोच लक्ष देऊन ऐकतो. हा अनुभव प्रत्येक शिक्षकाला, प्रत्येक आईला आणि, प्रवचनाच्या वेळी भाविकांच्या चेहऱ्यांकडे पाहणाऱ्या, प्रत्येक धर्मगुरूला आहे. १९५९ पासून ही मंडळे देशभर पसरवण्यात आली; परंतु विस्ताराबरोबर तो जिव्हाळा सर्वत्र टिकला नाही आणि पुढे ती विस्मरणात गेली. रेडिओ मात्र राहिला. ऐकवण्याची व्यवस्था टिकली, ऐकून घेण्याची मावळली.

१९६१ साली पोप जॉन तेविसावे यांनी ‘मातेर एत माजिस्त्रा’ या विश्वपत्रात शेतीचा मोठा परामर्श घेतला. आपल्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक उत्कर्षाचे मुख्य कर्ते शेतकऱ्यांनी स्वतःच असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. शेतकऱ्यांनी संघटित व्हावे, सहकार्य करावे, आणि सार्वजनिक कारभारात आपला आवाज पोहोचवावा; कारण एकाकी आवाज वाऱ्यावर विरून जातो, असेही त्यांनी सांगितले. या शिकवणुकीत शेतकरी दयेचा विषय म्हणून येत नाही, कर्ता म्हणून येतो. कर्त्याला सल्ला हवा असतोच. पण त्याच्या वतीने निर्णय झालेला त्याला चालत नाही.

येथे एक रास्त शंका घेतली जाईल. प्रत्येकाचे ऐकत बसले तर राज्य कसे चालेल? आणि शेतकरी म्हणेल तेच खरे कसे? कांद्याचेच पाहा. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. ती ४ मे २०२४ रोजी उठली. नाशिकच्या शेतकऱ्याला त्या बंदीने दुखावले, यात शंका नाही. परंतु शहरातल्या झोपडपट्टीत राहणारी मोलकरीण, जिच्या भाकरीबरोबर कांदा हेच कालवण असते, तिच्या दृष्टीने भाव उतरणे हाही न्यायाचाच प्रश्न आहे. दोन गरिबांच्या हितांत विरोध येतो, तेव्हा शासनाला कुणातरी एकाला नाराज करावे लागते.

ही शंका मी मान्य करतो. ऐकून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. आई दोन मुलांचे भांडण सोडवताना दोघांचेही ऐकते आणि निकाल एकाच्या विरुद्ध देते. तरी दुसऱ्या दिवशी दोन्ही मुले तिच्याच पदराशी येतात, कारण दोघांनाही ठाऊक असते की, आपले म्हणणे तिच्या कानांवर पडले होते. ज्याचे म्हणणे विचारात घेऊन नाकारले गेले, तो निराश होतो. ज्याला विचारलेच नाही, तो अपमानित होतो. निराशा माणूस सोसतो. अपमान साचत जातो. कांद्याचा भाव मोबाईलवर क्षणार्धात कळणाऱ्या शेतकऱ्याला निर्यातबंदीही त्याच मोबाईलवर, ती लागू होण्याच्या सुमारासच कळते. त्याने ऑगस्ट-सप्टेंबरात रोपे टाकली तेव्हा हा विचार कुणाच्या मनात असल्याचे त्याला कुणी सांगितले नव्हते. अशा वेळी वेगवान माहिती ही केवळ वेगाने येणारी दुःखवार्ता ठरते.

मोबाईलने मात्र एक नवी गोष्ट घडवली आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. पूर्वीची सारी यंत्रे वरून खाली बोलत. मोबाईलवर शेतकरी शेतकऱ्याशी बोलतो. गटात एकाने पानावरच्या रोगाचे छायाचित्र टाकावे आणि दुसऱ्या तालुक्यातील अनोळखी माणसाने औषध सुचवावे, हे आता नित्याचे झाले आहे. त्याहीपुढे जाऊन शेतकरी त्याच यंत्राने आपली कैफियत मांडू लागला आहे. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून हजारो शेतकरी, त्यांतले बहुसंख्य आदिवासी, वनजमिनीच्या हक्कासाठी मुंबईकडे पायी निघाले. सुमारे १८० किलोमीटरची ती वाट. पहिले दोन-तीन दिवस मोठ्या वृत्तमाध्यमांत त्याची फारशी दखल नव्हती. मग कुणी कुणी टिपलेली, सोललेल्या, रक्ताळलेल्या तळव्यांची छायाचित्रे मोबाईलवरून हातोहात पसरली आणि शहराला जाग आली. मुंबईकर रस्त्यावर पाणी, बिस्किटे, चपला घेऊन उभे राहिले. १२ मार्चला शासनाने लेखी आश्वासन दिले.

त्या मोर्चातील एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. त्या दिवशी दहावीची परीक्षा होती. मुलांना परीक्षेच्या ठिकाणी जाताना अडथळा होऊ नये, म्हणून दिवसभर चालून थकलेले ते शेतकरी विश्रांती न घेता रात्रीच पुढे चालत राहिले आणि पहाटेपूर्वी आझाद मैदानावर पोहोचले. आमचे ऐका, असे सांगायला आलेल्या माणसांनी, ज्यांनी तोंडातून शब्दही काढला नव्हता अशा मुलांची अडचण आधी ऐकली. आपल्या मागणीचा नैतिक अधिकार माणूस असा कमावतो. शहराने त्यांच्यासाठी दार उघडले, ते केवळ छायाचित्रांमुळे उघडले असे मी मानत नाही.

दिल्लीच्या सीमांवर २०२०-२१ मध्ये वर्षभर चाललेल्या आंदोलनातही संपर्कसाधनांचा असाच वापर झाला. डिसेंबर २०२० मध्ये आंदोलकांनी ‘ट्रॉली टाइम्स’ नावाचे छोटे वृत्तपत्र पंजाबी व हिंदीत छापले, मोबाईलवरून आपली बाजू जगापुढे मांडली. जानेवारीअखेर त्या ठिकाणची इंटरनेट सेवा काही दिवस बंदही करण्यात आली. त्या तीन कायद्यांच्या गुणदोषांविषयी प्रामाणिक माणसांत मतभेद होते आणि आहेत. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंनी विचारात घेण्याजोगी आहे. सप्टेंबर २०२० मध्ये संमत झालेले ते कायदे नोव्हेंबर २०२१ मध्ये मागे घेण्यात आले. शासन आणि शेतकरी यांच्यात चर्चेच्या अकरा फेऱ्या झाल्या, त्या कायदे झाल्यानंतर. त्या आधी झाल्या असत्या, तर कदाचित कायदेही वेगळे झाले असते आणि उन्हातान्हात, थंडीत गेलेले ते वर्षही वाचले असते. वेळेवर न ऐकण्याची किंमत शेवटी सगळ्यांनाच मोजावी लागते.

आता नाण्याची दुसरी बाजू. ज्या यंत्राने सत्य वेगाने जाते, त्याच यंत्राने असत्यही जाते. १ जुलै २०१८ रोजी, नाशिकच्या त्या पदयात्रेनंतर चारच महिन्यांनी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी पाच माणसांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातील भिक्षेकरी होते. मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत असल्याच्या अफवा मोबाईलवरून पसरल्या होत्या; त्या पाचांना कुणीतरी संशयाने पाहिले आणि पुढचे सारे घडले. तेही शेतकऱ्यांचेच गाव. त्या पाचजणांनी आपण कोण आहोत हे सांगण्याचा प्रयत्न केलाच असणार. त्यांचे कुणी ऐकले नाही. हातातल्या पडद्यावरचे अनोळखी वाक्य खरे वाटले आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचा शब्द खोटा वाटला.

हे उदाहरण मी शेतकऱ्याला दोष देण्यासाठी घेतलेले नाही. शहरेही अफवांपासून मुक्त नाहीत. ऐकले जाण्याचा हक्क मागणाऱ्यावर ऐकण्याचे ऋणही येते, एवढेच मला सांगायचे आहे. आणि हे ऋण गावाच्या वेशीच्या आतही आहे. बांधावरून शासनाला जाब विचारणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या शेतात राबणाऱ्या मजुराचे ऐकले पाहिजे. आणि घरातील स्त्रीचे? लावणी, खुरपणी, वेचणी तिच्या हातांनी होते; सातबारावर मात्र बहुतेक वेळा तिचे नाव नसते आणि मोबाईल बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. आपल्या सीमेपासून फार दूर नसलेल्या तेलंगणातील जहीराबादजवळ, माचनूर या गावी, १५ ऑक्टोबर २००८ रोजी ‘संगम रेडिओ’ सुरू झाला. तो दलित शेतकरी स्त्रियांचा आहे आणि त्याच तो चालवतात. ज्वारी-बाजरी, देशी बियाणे, सणवार, घरगुती औषधे यांविषयी त्या आपल्या बोलीत बोलतात. कुणी तज्ज्ञ येऊन त्यांना काही शिकवण्याची वाट त्या पाहत नाहीत. त्यांच्यापाशी जे आहे ते त्याच इतरांना सांगतात. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कुणी विचारले नाही, त्यांच्यापाशी किती ज्ञान साठलेले असते, हे त्या छोट्या केंद्राने दाखवून दिले. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती असल्याचा निर्वाळा दिला होता. त्या निर्णयाचा अर्थ त्या स्त्रियांनी शेतात उतरवला.

मग मूळ प्रश्नाकडे येऊ. शेतकऱ्याला माहिती देणे ही चांगली गोष्ट आहे. पण तिला आपण ‘दान’ म्हणत राहिलो, तर देणारा नेहमी वरच्या पायरीवर आणि घेणारा खालच्या पायरीवर राहील. त्याचे ऐकून घेणे हा मात्र न्याय आहे, आणि न्याय ही कुणी कुणावर केलेली मेहेरबानी नसते. कुठलेही नवे यंत्र, नवी योजना गावात आली की, आपण दोन साधे प्रश्न विचारावेत. यातून शेतकऱ्याचा शब्द उलट दिशेने जाऊ शकतो काय? आणि तो शब्द निर्णय होण्याआधी पोहोचतो काय? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ते यंत्र कितीही झगमगते असले तरी तो सुतातेन्साचा खुंटी नसलेला रेडिओच आहे.

हे प्रश्न केवळ शासनाला विचारून आपली सुटका होत नाही. आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ कुटुंबांच्या दोन पिढ्यांमागे वाडी होती, रहाट होता, बैल होता. आज त्यांतली अनेक घरे नोकरीच्या पगारावर चालतात, आणि भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करताना ती कुठल्या गावाहून, किती वाजता निघाली, हे विचारायचे राहून जाते. संस्थेच्या सभेत, पतपेढीच्या वार्षिक बैठकीत, ग्रामसभेत शेतावरून थेट आलेला एखादा म्हातारा बोलायला उठतो. त्याचे बोलणे लांबते, विषय भरकटतो, आणि आपण घड्याळाकडे पाहतो. त्या विधवेसमोर बसलेला न्यायाधीशही बहुधा असेच घड्याळ पाहत असावा.

त्या दाखल्यातील न्यायाधीशाने अखेर न्याय दिला, तो कंटाळून दिला. कंटाळून दिलेला न्याय हाही न्यायच, आणि नाशिकच्या वाटेवर रक्ताळलेल्या पायांना तो मिळाला तरी पुरे वाटेल. पण प्रभूने तो न्यायाधीश आपल्यापुढे आदर्श म्हणून ठेवलेला नाही. परमेश्वर त्याच्यासारखा नाही, हे सांगण्यासाठी तो ठेवला आहे. आपण त्या दोघांपैकी कुणासारखे व्हायचे, याचे उत्तर सभेतला तो म्हातारा पुन्हा बोलायला उठेल तेव्हा द्यायचे आहे.